दुखणं आणि वैर

माझी आई मला जन्म देऊन त्याच दिवशी गेली. तिचं नाव सरू. मला वाढवलं ते वडलांच्या आईनं, चतुराबाईनं, लासूर स्टेशनला. आईची आई वच्छलाबाई औरंगाबादजवळ गारखेड्याला राहायची. लासूरहून आगगाडीनं जेमतेम तास-दीड तासाची वाट, पण मी सहा-सात वर्षांची होईपर्यंत तिनं मला एकदाही जवळ घेतलं नव्हतं. काळ निजामाच्या राज्याचा. गारखेडा तेव्हा शहराबाहेरचं मळ्यांचं गाव होतं, आणि वच्छलाआजी आपल्या मळ्यातला भाजीपाला टोपलीत घालून रोज शहागंजच्या बाजारात बसायची. ही गोष्ट तिची. यातलं काही तिनं मला सांगितलं, काही बाजारातल्या तिच्या जैतुनबीनं, आणि थोडं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून वच्छलाआजीनं सरूला आणायला बैलगाडी पाठवली होती. गाडीबरोबर माझा मामा कारभारी गेला होता. चतुराबाईनं गाडी रिकामी परत पाठवली. "कापूस फुटलाय, वेचायला माणूस मिळंना. पंधरा दिवसांनी पाठवू." पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा गेली, पुन्हा रिकामी आली. आणि मग सरूचं पोट दिवसांच्या आधीच दुखायला लागलं. गावातली सुईण होती. औरंगाबादेला गोऱ्या मडमिणीचा बायकांचा दवाखाना होता, रोजची आगगाडी होती. चतुराबाई म्हणाली, "पहिलटकरणीला वेळ लागतोच." दुसऱ्या दिवशी दुपारी मी झाले आणि दिवस मावळायच्या आत आई गेली.

सांगावा पोचून वच्छलाआजी लासूरला आली तेव्हा सरूला अंगणात निजवलं होतं. आजी रडली नाही. नदीवरून परतताना मात्र घराच्या दारात थांबून म्हणाली, "चतुराबाई, माझी लेक तू खाल्लीस. तुझ्या उंबऱ्याला माझा पाय पुन्हा लागायचा नाय. तुझ्या घरचं पाणी मला वर्ज्य." आणि तशीच स्टेशनाकडे चालू लागली.

त्यानंतरची वर्षं तिनं कशी काढली ते तिनंच मला सांगितलं, काही न लपवता. शहागंजात लासूरकडचं कुणी भेटलं की ती चतुराबाईची खबर काढायची. पीक बुडालं का, म्हैस मेली का, दुखणं आलं का. माझे वडील बन्सी दुसरं लग्न करून जालन्याच्या जिनिंगमध्ये कामाला गेले आणि म्हाताऱ्या आईला आणि मला लासूरलाच ठेवून गेले, हे तिला कळलं त्या दिवशी तिनं घरी पुरण घातलं. कारभारीमामानं विचारलं, "आई, आज कोणता सण?" ती म्हणाली, "हाय एक." पोळी मात्र तिच्या घशाखाली उतरली नाही.

जैतुनबी बाजारात तिच्या शेजारी बसायची. बेगमपुऱ्यात राहायची, अंडी विकायची. तिचा नवरा गयास शहराच्या उत्तरेच्या डोंगरातल्या लेण्यांवर सरकारी पहारेकरी होता. एका पावसाळ्याच्या तोंडाला गयासच्या चौकीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत एक साधू येऊन राहिला. अंगावर पिवळं वस्त्र, डोकं भादरलेलं, हातात काळं भांडं. पावसाळाभर एकाच जागी राहायचा या बुद्धाच्या साधूंचा नेम असतो म्हणे. बेगमपुऱ्यातली पोरं त्याला पिवळा बाबा म्हणायची. जैतुनबीनं त्याला रोज भाकरी पोचवायचं अंगावर घेतलं होतं. त्यात एकच अट होती, बाबा दुपार टळली की काही खात नसे. भाकरी सूर्य डोक्यावर यायच्या आत पोचली पाहिजे.

श्रावणात जैतुनबीचा पाय मुरगळला. ती कशीबशी लंगडत बाजारात आली आणि वच्छलाआजीच्या पुढ्यात फडकं ठेवून म्हणाली, "वच्छला, माझं एक काम कर बाई. एवढी रोटी त्या बाबाला पोचव. माझ्याच्यानं डोंगर चढणं होत नाय. भुका राहील बिचारा."

आजी म्हणाली, "तुझ्या घरचं खातो तो?"

"खातो. मी पयल्याच दिवशी विचारलं, बाबा, हम मुसलमान लोग, चलेगा? तर म्हणतो, देणाऱ्याचा हात पाहून खाणारा मी नाय."

आजीला जायचं नव्हतं. पण जैतुनबीनं तिच्या वाईट दिवसांत तिची टोपली सांभाळली होती. ती गेली.

बाबा लेण्यात होता. त्या डोंगरातल्या एका लेण्यात मोठी बुद्धमूर्ती आहे आणि तिच्यासमोर दोन्ही बाजूंना दगडी माणसं गुडघ्यांवर बसलेली आहेत. बाया आहेत, पुरुष आहेत, खऱ्या माणसाएवढे, हात जोडलेले. आजी बाहेरच्या उजेडातून आत आली आणि दचकली. तिला वाटलं, आत एवढी माणसं बसलीत आणि कुणी बोलत कसं नाही. मग डोळे सरावले तेव्हा त्या दगडी माणसांच्या रांगेत एक जिवंत माणूस दिसला. डोळे मिटलेले, पाठ ताठ.

ती खांबाशी उभी राहिली. हाक मारावी की नाही ते तिला कळेना. थोड्या वेळानं त्यानंच डोळे उघडले आणि हसला. पन्नाशीचा असेल. मूळचा बंगालकडचा, चाटगावचा. वऱ्हाडात काही वर्षं काढली होती, म्हणून मराठी बोलायचा, पण मधूनमधून बाईला पुरुष आणि पुरुषाला बाई करून.

"जैतुनबी आला नाही?"

"पाय मुरगळला तिचा. मी वच्छला. तिच्या शेजारी बसते."

त्यानं भाकरी भांड्यात घेतली, हात जोडून काहीतरी पुटपुटला आणि खाऊ लागला. आजीनं विचारलं, "डोळे मिटून काय करत होता बाबा? जप?"

"जप नाही. श्वास आत येतो, ते पाहतो. बाहेर जातो, ते पाहतो."

"बस, एवढंच?"

"एवढाच. पण मन राहत नाही. पळतो."

"पळाल्यावर?"

"परत आणायचा. मारायचं नाही, ओरडायचं नाही. वासरू धरून आणतो तसा."

जैतुनबीचा पाय बरा व्हायला बरेच दिवस लागले. आजी रोज जाऊ लागली. भाजी लवकर विकून, कधी उरलेली तशीच जैतुनबीच्या हवाली करून. पुढे पाय बरा झाला तरी ती जातच राहिली. बाबा जेवेपर्यंत तिला थांबावं लागे, भांडं विसळून परत आणावं लागे, असं ती सांगायची. पण खरं कारण तिलाही ठाऊक होतं. त्या लेण्यात बसल्यावर तिला बरं वाटायचं. तीही एका दगडी बाईशेजारी टेकून डोळे मिटायची. चार श्वास व्हायचे न व्हायचे, की लासूरचं अंगण समोर यायचं. मग चतुराबाईचं तोंड. मग दातांवर दात.

एकदा तिनं बाबाला सगळं सांगितलं. गाडी दोनदा रिकामी आली ते, दवाखान्यात नेलं नाही ते. तिचं संपल्यावर बाबानं विचारलं, "ती बाई आता कुठे असते?"

"लासूरला."

"तिथे नाही. तुमच्या घरी असते. तुम्ही जेवता तेव्हा असते, भाजी खुडता तेव्हा असते. इतकी वर्षं तुम्ही तिला सांभाळता. ती तुमची आठवण करते का?"

आजीला राग आला. "म्हणजे म्या इसरून जावं? माझी पोरगी गेली, बाबा!"

"विसरू नका. पोरगी आठवा. दुखेल, दुखू द्या. पण दुखणं वेगळं आणि वैर वेगळं. तुम्ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलं."

ती उठून आली आणि नंतरचे काही दिवस गेलीच नाही. जैतुनबीला म्हणाली, "त्याला काय कळतंय? त्याला ना बायको, ना लेकरू." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र आजी आपणहून भाकरी घेऊन निघाली.

बाबानं कुठं होतात असं विचारलं नाही. त्या दिवसांत त्यानं तिला एक नवी गोष्ट शिकवली. बसल्यावर आधी स्वतःसाठी मनात म्हणायचं, माझं भलं होवो, माझ्या मनातलं वैर जावो. मग जो आवडतो त्याच्यासाठी तेच म्हणायचं. मग जो ना आवडता ना नावडता, त्याच्यासाठी. आणि शेवटी वैऱ्यासाठी. कारभारीमामासाठी तिला म्हणता आलं. जैतुनबीसाठी आलं. बाजारात जागेवरून हुसकावणाऱ्या शिपायासाठीसुद्धा तिनं म्हणून पाहिलं आणि तिचं तिलाच हसू आलं. चतुराबाईचं नाव आलं की जीभ टाळूला चिकटायची.

"निघत नाय बाबा," ती म्हणाली. "तोंडानं म्हणते, आतून शिवी येते."

"मग म्हणू नका."

"म्हणू नको?"

"खोटं कशाला बोलता? मनात बोललेला खोटंही खोटंच. जिथपर्यंत खरं येतं, तिथपर्यंत जा. तिथे थांबा. उद्या परत."

खोटं बोलायचं नाही, कुणाचं न दिलेलं घ्यायचं नाही, जीव मारायचा नाही, असे काही नेम त्यानं तिला सांगितले होते. ती ते आपल्या परीनं पाळू लागली. बाजारात सगळ्याच बाया कालची वांगी खाली आणि आजची वर रचतात, तीही रचायची. ते तिनं सोडलं. कालचा माल वेगळा ठेवून, कालचा म्हणून सांगून विकू लागली. जैतुनबी म्हणाली, "अगे, येडी झाली का?" आजी म्हणाली, "झोप चांगली लागते."

असेच दिवस जात होते. एका सकाळी लेण्यात बसलेली असताना चतुराबाईचं तोंड आलंच नाही. त्याऐवजी समोर आलं ते एक गाठोडं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, कुणीतरी दोन हातांनी पुढं केलेलं.

ते गाठोडं म्हणजे मी होते. आईला सरणावर ठेवून सगळे परत आले तेव्हा सुईणीनं मला वच्छलाआजीपुढं धरलं होतं. म्हणाली होती, "बाई, पोर भुकेली हाय. तुमच्या मांडीवर घ्या. तुमच्या सरूचीच हाय." आणि आजीनं मला घेतलं नव्हतं. "हिच्यापायीच गेली माझी लेक," असं म्हणून तिनं हात मागं घेतले होते. तिनं तोंड फिरवलं तेव्हा चतुराबाईनं पुढं होऊन मला सुईणीच्या हातातून घेतलं होतं.

इतकी वर्षं आजीनं सगळ्यांना चतुराबाईचं सांगितलं होतं, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती त्या दगडी माणसांत बसून खूप वेळ रडली. बाबा बाजूला बसून राहिला. ती शांत झाल्यावर त्यानं पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला.

काही दिवसांनी ती त्याला म्हणाली, "बाबा, मी लासूरला जाते."

"कशाला?"

"तिला माफ करायला."

बाबानं विचारलं, "माफ करायला, का पोर आणायला?"

आजी म्हणाली, "दोन्ही. पोर माझ्या सरूची हाय. बापानं टाकलीय. म्हातारी आज हाय, उद्या नाय. मी तिला वाढवीन."

"असेल तसं. पण जाऊन आधी खरं बोला. माफीच्या फडक्यात पोर बांधून आणू नका."

आता मी पाहिलं ते सांगते. चतुराआजीचं घर स्टेशनाजवळ होतं, आडत बाजाराच्या पाठीमागं. एकच खोली आणि पुढं पडवी. धान्य निवडायचं काम ती घरी आणायची. त्या सकाळी ती पडवीत तूर पाखडत बसली होती आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून चिंचोके खेळत होते. एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात पेरूंची पिशवी होती.

चतुराआजीनं सूप खाली ठेवलं. तिनं तिला ओळखलं होतं. पण उठली नाही.

"आलात?" ती म्हणाली. "लई वर्षांनी वाट सापडली."

वच्छलाआजी उंबऱ्याबाहेरच उभी होती. "आत येऊ का?"

"तुमीच म्हणलं व्हतं येणार नाय म्हणून. मी कुठं अडवलं व्हतं?"

वच्छलाआजी आत आली आणि भिंतीला टेकून बसली. मी चतुराआजीच्या पदराआड गेले. वच्छलाआजी माझ्याकडं पाहत होती, इतकी पाहत होती की मला भीती वाटली. नंतर मला कळलं, माझी हनुवटी आईसारखी आहे.

"नाव काय ठेवलं?"

"द्वारका."

"शाळेत जाती?"

"पोरींना कोण घालतंय इथं शाळेत?"

वच्छलाआजी म्हणाली, "चतुराबाई, मी दोन गोष्टींसाठी आले. मनातलं वैर सोडावं म्हणून आले. अजून सगळं सुटलं नाय, पण सोडायचंय. आणि दुसरं, मी पोर न्यायला आले. आडून बोलत नाय, सरळ सांगते."

चतुराआजी भांडेल असं मला वाटलं. ती भांडखोर होती, आमच्या गल्लीत तिच्या वाटेला कुणी जात नसे. पण सुपातल्या तुरीवर तिचा हात नुसता फिरत राहिला. मग ती उठली. घरात जाऊन तेलाची बाटली आणि फणी घेऊन आली. मला म्हणाली, "हिकडं ये. बस."

मी बसले. ती माझे केस विंचरू लागली. रोज ती विंचरायची ते ओढून, घाईघाईनं. त्या दिवशी तिनं सगळ्या डोक्याला हळूहळू तेल जिरवलं, भांग पाडला, दोन वेण्या घातल्या. मध्ये तिनं मला विचारलं, "तुझा लाल परकर कुठंय?" मी म्हटलं, "दोरीवर." तिनं तो आणला, माझ्या दुसऱ्या एका झग्याबरोबर फडक्यात बांधला.

"काय करू राहिल्या तुमी?" वच्छलाआजीनं विचारलं.

"न्या," चतुराआजी म्हणाली. "तुमची मी घेतली. माझी तुमी घ्या. फिटंल."

मग मला कळलं. मी ओरडले. चतुराआजीच्या मांडीला मिठी मारली आणि सोडेना. ती माझी बोटं एकेक करून सोडवत होती आणि म्हणत होती, "जा गं, जा. ती पण आजीच हाय तुझी. तिच्याकडं मळा हाय, पेरू हायेत, मामा हाय." आणि माझं बोट सुटलं की तिचाच हात पुन्हा ते धरत होता.

वच्छलाआजी भिंतीशी बसून हे सगळं पाहत होती. ती सांगायची, की तिच्या आत तेव्हा दोन माणसं होती. एक म्हणत होतं, उठ, घे पोरीला, चारची गाडी मिळेल, चार दिवस रडेल आणि विसरेल. तुझा हक्क आहे, ती स्वतःच देतेय. दुसरं काही बोलत नव्हतं, नुसतं पाहत होतं. म्हातारीचे तेलकट हात, पोरीची बोटं. ती तशी किती वेळ बसली कुणास ठाऊक. मला आठवतं ते एवढंच, की तिनं एक लांब श्वास सोडला, इतका लांब की मी रडता रडता तिच्याकडं वळून पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

चतुराआजीनं ऐकलंच नाही. ती मला सोडवतच होती.

"चतुराबाई, राहू द्या. नका सोडवू तिला." वच्छलाआजी पुढं सरकली आणि तिनं चतुराआजीच्या हातावर आपला हात ठेवला. "तिला जिनं उचललं तिची ती. म्या उचललं नव्हतं. तुमी उचललं."

चतुराआजीनं तोंडावर पदर घेतला. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तिचं रडणं कसं तरीच होतं, घशात अडकणारं, जणू तिला ते येतच नव्हतं.

दुपारी तिनं पिठलं-भाकरी केली. दोघी चुलीपाशी बसून जेवल्या. वच्छलाआजीनं माठातलं पाणी स्वतः उठून घेतलं आणि प्यायली. बोलणं फारसं झालं नाही. पाऊस कसा झाला, तुरीवर कीड आहे, एवढंच. मी लांबून एक पेरू खाल्ला. चारच्या गाडीला ती एकटीच गेली. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवायला तिनं हात उचलला, पण मी मागं सरले. तिनं हात आवरला आणि म्हणाली, "बरं बाळा. पुन्हा येईन."

दुसऱ्याच सकाळी ती लेण्यांवर गेली असेल असं तुम्हांला वाटेल. तशी ती गेली नाही. दोन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. कारभारीमामा घाबरला, वैद्याला बोलवायला निघाला. ती म्हणाली, "दुखणं नाय मला काही. पोर आठवती." हातात आलेली पोर सोडून यायची, यापेक्षा वैर धरून बसणं सोपं होतं, असं ती मला पुढं बऱ्याचदा म्हणायची.

ती पुन्हा डोंगरावर गेली तेव्हा पावसाळा सरत आला होता आणि बाबाची निघायची वेळ झाली होती. आश्विनाची पुनव झाली की तो पायी अजिंठ्याकडं जाणार होता. आजीनं त्याच्यासाठी शहागंजातून अंगावर घ्यायला एक नवं कापड नेलं. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"पोर सोडून आले बाबा. वाटलं होतं, हलकं वाटंल. पण दुखतंय. आधीपेक्षा जास्त."

"वैर आहे का?"

तिनं मनात शोधून पाहिलं. चतुराबाईचं तोंड आठवलं. पदर घेतलेलं, रडताना वाकडं झालेलं. "आज नाय," ती म्हणाली. "उद्याचं सांगता येत नाय."

"खरं बोललात," बाबा म्हणाला आणि त्यानं कापड घेतलं. तिला आशीर्वाद दिला नाही, उपदेशही केला नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढं त्याची काही खबर कुणाला मिळाली नाही. जैतुनबी म्हणायची, "चांगला माणूस. जाताना गयासचं अंगणसुद्धा झाडून गेला."

वच्छलाआजी लासूरला येत राहिली. कधी महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी. मळ्यातलं काहीबाही आणायची, दिवसभर बसायची, चारच्या गाडीनं जायची. मी हळूहळू तिच्या जवळ जायला लागले. दोघी म्हाताऱ्या काही मैत्रिणी झाल्या नाहीत. चतुराआजीची जीभ होती तशीच तिखट राहिली. "आल्या बघ सायबीण," असं ती तिच्या तोंडावर म्हणायची. उद्याचं सांगता येत नाही, असं वच्छलाआजी म्हणाली होती, तेही खरं ठरलं. काही दिवशी जुना राग उसळून यायचा. कापसाच्या गाड्या बाजारात येताना दिसल्या की हमखास. तसल्या दिवशी ती पडवीच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसायची. चतुराआजी मला म्हणायची, "गप बस, तिला तरास देऊ नको. तिचं काम चालू हाय."

मी दहा-अकरा वर्षांची असताना चतुराआजीला पाण्याची सूज आली. पाय, मग पोट. वडील जालन्याहून एकदा येऊन गेले. वच्छलाआजीला कळलं तशी ती गाठोडं घेऊन राहायलाच आली. सूज उतरावी म्हणून पायांना काढ्याचा शेक द्यायची, अंग पुसायची, घाण काढायची. मी पाणी भरायचे आणि चूल पाहायचे. एका दुपारी मी दारात तांदूळ निवडत होते. चतुराआजी बराच वेळ डोळे उघडे ठेवून पडली होती. अचानक म्हणाली, "वच्छलाबाई. त्या टायमाला गाडी माघारी पाठवायला नको व्हती मी."

वच्छलाआजी तिचे पाय चोळत होती. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं, नशिबात होतं. सगळे असंच म्हणतात. ती म्हणाली, "व्हय. नको होती पाठवायला."

आणि पाय चोळत राहिली. तिचा हात जराही थांबला नाही की दाबला गेला नाही. चतुराआजीनं मान भिंतीकडं वळवली. तिच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं, पण तोंड शांत होतं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पोरीला शाळेत घाला. तिकडं पोरींची शाळा हाय म्हणत्यात."

"घालीन."

ती चारेक दिवसांनी पहाटे गेली. तिला अंघोळ घातली ती वच्छलाआजीनं. गल्लीतल्या बाया मदतीला आल्या होत्या, पण तेल लावून केस विंचरायचं काम तिनं कुणाला दिलं नाही.

तेरावा झाल्यावर आम्ही औरंगाबादच्या गाडीत बसलो. खिडकीबाहेर कापणी झालेली रानं जात होती. मी रडत होते. लोक पाहत होते म्हणून मी तोंड दाबायला लागले, तर आजीनं माझा हात खाली केला.

"रड," ती म्हणाली. "ती तुझी आजी होती. कुणाला लाजतीस?"

मी विचारलं, "ती आता कुठं गेली?"

आजीनं थोडा वेळ बाहेर पाहिलं. "मला ठाव नाय बाळा," ती म्हणाली, आणि मला जवळ ओढून घेतलं.